सांगाड्याचा गंज आणि अवयवीचा प्रश्न

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर याला, रथ म्हणजे नेमके काय असा प्रश्न विचारतो. आस, चाके, जू, दांडी यांपैकी एकही वस्तू रथ नव्हे, आणि या सर्वांना वगळून उरणारे असे काही रथ नव्हे. तेव्हा ‘रथ’ हा व्यवहारापुरता शब्द आहे, या निष्कर्षापर्यंत तो राजाला आणतो. हा युक्तिवाद ज्या रथावर उभा आहे त्याचे भाग सुटे करून मोजता येतात, याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. ट्रक किंवा जुनी जीप या रथाच्याच जातीची आहे, कारण तिची चॅसी वेगळी असते आणि वरचा साटा तिच्यावर बोल्टांनी बसवलेला असतो. प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती ८०० यांसारख्या मोटारींना अशी वेगळी चॅसी नाही. ठशात दाबून घडवलेले पातळ पत्रे एकमेकांना वेल्ड करून जी पेटी तयार होते, तीच त्यांची त्वचा आणि तीच त्यांची हाडे. अशा रचनेला मोनोकॉक म्हणतात. तिच्यात ‘सांगाडा’ नावाचा भाग बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि म्हणूनच तिला लागलेला गंज नागसेनाच्या प्रश्नाला नवे वळण देतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कंपनीचा कारखाना होता आणि पद्मिनी तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे, त्यामुळे जुन्या गाडीविषयीचा जिव्हाळा इथे घरोघरी आढळतो. दुसरीकडे खाडीची दमट, खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जुन्या सोसायट्यांतील उघड्यावरचे पार्किंग या तिन्ही गोष्टी पत्र्याच्या मुळावर येतात. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, आणि क्षारांमुळे त्याचा वेग वाढतो. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर आतल्या धातूला राखतो; लोखंडाचा गंज मात्र मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापत फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पाडतो. दारांखालून जाणारी जी पोकळ पट्टी, म्हणजे सिल, गाडीचा भार पेलते, तिची पाणी निचरण्याची भोके चिखलाने बुजली की हे सारे आतल्या अंधारात चालते, आणि बाहेरचा रंग तेवढा शाबूत दिसतो. अनुभवी डेंटर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोकत जातो. खणखणीत आवाज बद्द झाला की तिथे तो टोक दाबतो, आणि टोक आत गेल्यावर बाहेर पडतो तो ओला गाळ आणि तपकिरी पापुद्रे. जॅकवर उचललेल्या गाडीचे दार उघडल्यावर पुन्हा नीट लागेनासे झाले, तर सांगाडा वाकू लागला आहे असे समजावे.

असा सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडल्यावर गाडी तीच राहते काय? न्याय-वैशेषिक परंपरा अवयवी, म्हणजे अवयवांपासून भिन्न असलेले पूर्ण द्रव्य, खरे मानते. वस्त्राचे काही धागे काढले तर मूळ वस्त्र नष्ट होऊन ‘खंडपट’ हे नवे द्रव्य उत्पन्न होते, आणि ‘हे तेच वस्त्र’ ही प्रतीती सादृश्यामुळे होते, असे ती सांगते. जैन दर्शन उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, नाश पावणे आणि टिकून राहणे, ही तिन्ही एकाच द्रव्यात एकाच वेळी मानते, आणि पत्रा बदललेल्या गाडीचे वर्णन करण्यास ते अधिक सोयीचे आहे. कायदा या वादात शिरत नाही. तो गाडीची ओळख पत्र्यावर ठोकलेल्या चॅसी क्रमांकात ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, ते याच क्रमांकाच्या आधारे.

तथापि गंजाच्या संदर्भात ‘तीच की दुसरी’ हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न भार कोण पेलतो हा आहे, कारण त्या सिलवर गाडीत बसणाऱ्या माणसांचा जीव अवलंबून असतो. दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. पहिल्यात दाराच्या चौकटीला आतून आधार देऊन सडका पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापला जातो, तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड होतो, पोकळीत मेण वा तेल सोडले जाते आणि निचऱ्याची भोके मोकळी ठेवली जातात. दुसऱ्यात भोकांवर पुट्टी भरून वर रंग मारला जातो आणि गाडी विक्रीला निघते. योगसूत्रांवरील व्यासभाष्य सत्याची जी व्याख्या करते, तिच्यात वाणी ही आपले ज्ञान दुसऱ्याकडे पोचवण्यासाठी आहे आणि ती फसवी असता कामा नये, हा मुद्दा मध्यवर्ती आहे. रंगवलेली सिल ही गिऱ्हाइकाशी केलेली अशीच एक वाणी आहे. तिच्यात शब्द एकही नसला तरी असत्य पूर्ण आहे.

धर्माचाराकडे पाहिले तरी हाच निवाडा मिळतो. खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून, त्यांचा गंज काढून मगच पुजली जातात. दसऱ्याला मोटारीच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, पण तिच्या पोटाखाली कोणी वाकून पाहत नाही. दसरा पावसाळा सरता सरता येतो, म्हणजे गाडी जॅकवर घेऊन तळ तपासण्याची हीच वेळ, आणि ती तपासणी पूजेचेच अंग मानण्यास परंपरेत कोणतीही आडकाठी नाही. आगमांतील जीर्णोद्धाराच्या विधीत मूर्तीतील देवत्व आधी कलशात उतरवले जाते, मग काम होते, आणि नंतर पुन्हा प्रतिष्ठा केली जाते; जीर्ण झालेले जीर्ण म्हणून मान्य करण्याची ही पद्धत आहे. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या मूर्तीचे विसर्जन शास्त्राला मान्य आहे, आणि गाडीच्या बाबतीतही, सस्पेन्शन ज्या पत्र्याला धरते तोच चहूबाजूंनी गेला असेल, तर मायेपोटी तिला रस्त्यावर ठेवणे ही आसक्तीच होय. अशी गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीत निघते तेव्हा चॅसी क्रमांकाचा तुकडा वेगळा कापून जपला जातो, जेणेकरून तिचे नाव दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये.