आधी वाटा, मग साठा

मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचा आदेश निघाला. एरवी दंगलीच्या भीतीने लावले जायचे ते १४४ कलम तेव्हा हंडे-कळश्यांच्या रांगेवर लावावे लागले. पुढच्याच महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत साधारण पाच लाख लिटर पाणी. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. पाऊस किती पडला, मांजरा धरणात किती उरले, यावर भरपूर लिहिले-बोलले गेले. मांजरेच्या खोऱ्यात उसाचे क्षेत्र कसे वाढत गेले आणि ते पाणी कोणाच्या वाट्याचे होते, हा प्रश्न मात्र कडेलाच राहिला. माझ्या मते तोच मुख्य प्रश्न होता.

शाश्वत विकासाची आज रूढ असलेली व्याख्या ब्रंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातून आली. पुढे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा ध्येये ठरवली. त्यांत पाणी सहावे, विषमता कमी करणे दहावे, जमिनीवरची जीवसृष्टी पंधरावे आणि शांतता सोळावे. कागदावर अशा चौकटी आखाव्याच लागतात, पण गावात ही चारही ध्येये एकाच विहिरीत सापडतात. आपली धोरणे मात्र त्यांचा क्रम लावतात: आधी पाणी अडवू, मग उत्पन्न वाढेल, मग ते हळूहळू सगळ्यांपर्यंत झिरपेल, आणि सगळ्यांना मिळाले की भांडणे आपोआप मिटतील. महाराष्ट्राचा अनुभव नेमका उलटा आहे. वाटप आधी ठरले नाही तर साठवलेले टिकत नाही आणि शांतताही राहत नाही. पाण्याच्या चळवळीने मराठीला ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द दिला, त्यात हा सगळा विचार आहे.

पाणलोटाच्या कामाचेच पाहा. डोंगरउतारावर समपातळी चर खणले, नालाबांध घातले, ओढे रुंद केले, की पहिल्या-दुसऱ्या वर्षी विहिरींची पातळी चढते. हे खरे आहे आणि त्यामागचे श्रमही खरे आहेत. पण चर खणणाऱ्यांत भूमिहीन मजूर असतात, कोरडवाहू दोन एकरवाले असतात, बायका तर मोठ्या संख्येने असतात. जमिनीखाली गेलेले पाणी मात्र कायद्याच्या जुन्या समजुतीनुसार वर ज्याची जमीन त्याचे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून ही समजूत चालत आली आहे. मग मे महिन्यात तामिळनाडूतली बोअरची गाडी गावात येते. रात्रभर तिची घरघर चालते, पांढरी भुकटी आजूबाजूच्या झाडांवर बसते आणि केसिंग पाइपचा खर्च पेलणारा तीनशे, पाचशे, सातशे फूट खाली जातो. सगळ्यांनी मिळून मुरवलेले पाणी एका शिवारात उपसले जाते. यात अन्याय तर आहेच, पण संवर्धनाचीही हार आहे. ज्याने एकदा दुसऱ्याच्या उसासाठी चर खणला, तो पुढच्या वर्षी श्रमदानाला का येईल? गाळ काढायला माणसे येत नाहीत, बांध फुटतो आणि तीन वर्षांत नाला पुन्हा होता तसा होतो.

ही गाठ विलासराव साळुंखे यांनी फार लवकर ओळखली. पुण्याचे हे अभियंता-उद्योजक १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगावात देवस्थानची ४० एकर माळजमीन घेऊन त्यांनी कामाला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचे नियम आजही धीट वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणशी मिळेल: दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा. हे नियम सुटे सुटे पाहिले तर कोणी त्यांना समाजवाद म्हणेल, कोणी काटकसर. एकत्र पाहिले की लक्षात येते, उसाची बंदी म्हणजे संवर्धन आणि माणशी वाटा म्हणजे समता, आणि एकाशिवाय दुसरे तग धरत नाही. ऊस चालू ठेवला तर माणशी अर्ध्या एकराचे गणित जुळत नाही. आणि वाटा समान नसेल तर उसाची बंदी पाळायला कोणी तयार होत नाही. पुढे सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले, तेव्हाही भूमिहीनांच्या वाट्याचा आग्रह तितकाच पक्का होता.

अशा विचाराला नवे खूळ म्हणणाऱ्यांनी धुळे-नाशिककडची फड पद्धत पाहावी. पांझरेसारख्या नद्यांवर छोटे बंधारे, त्यांतून निघालेला पाट आणि त्याखालच्या जमिनीचे फड अशी ही रचना काही शतके चालली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची पाळी बदलायची. पाण्याची पाळी पाटकऱ्याच्या हातात. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड कोरडे ठेवायचे हे सगळे मिळून ठरवत. वेगवेगळ्या फडांत जमिनी असल्याने उसाचा फायदा एकट्याच्या पदरात पडत नसे आणि तुटीचा भारही एकट्याच्या माथी येत नसे. त्या गावांत जातीची उतरंड होती, स्त्रियांना बोलायला जागा नव्हती, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण तूट कशी वाटायची हे तूट येण्याआधी ठरवून ठेवणे, एवढी गोष्ट तिच्याकडून आजही शिकण्यासारखी आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की वाटायला आधी काहीतरी असावे लागते. म्हणून पाणी वाढवा, वाटपाचे नंतर बघू. पण देशातल्या मोठ्या धरणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. तरीही राज्याची बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा अर्ध्याहून मोठा वाटा ऊस या एकाच पिकाकडे जातो, जे लागवडीच्या अगदी थोड्या क्षेत्रावर आहे. साठा वाढला तसा तो आधीच पाणी असलेल्यांकडे वळला. ठिबकचेही तसेच: वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या दोन एकरांत नवा ऊस उभा राहिला, तर नदीला काय मिळाले?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. हे प्रयोग एखाद्या झपाटलेल्या माणसाच्या बळावर चालतात. २००२ मध्ये साळुंखे गेले आणि पाणी पंचायतीचा जोर ओसरला. हे खरे आहे. पण तो अपयशाचा पुरावा म्हणण्याआधी पाहायला हवे, की त्या नियमांना गावाबाहेर कोणता आधार होता. कायदा जमीनमालकाच्या बाजूने, वीज उपशाच्या बाजूने आणि बाजार उसाच्या बाजूने. ऊस उत्पादकाला इथे खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. ज्या पिकाला ठरलेला दर आणि ठरलेला गिऱ्हाईक आहे ते त्याने लावले. तूर-ज्वारीला तशी हमी प्रत्यक्षात मिळाली असती तर त्याचा हिशेब बदलला असता. हिवरे बाजार गावात सरपंच पोपटराव पवारांच्या काळात ग्रामसभेने पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडला, त्यावरून पिके ठरवली आणि शेतीसाठी बोअरवर बंदी घातली. ती बंदी गावाच्या एकमतावर टिकली, राज्याच्या कायद्यावर नव्हे. एकमत फार मौल्यवान आहे, पण राज्यातल्या हजारो गावांनी रोज नव्याने ते कमवावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

शांततेचे नाते इथेच लागते. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या जलवाहिनीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. शहराला पाणी लागते, शेताला लागते. कोणाचा हक्क आधी आणि कितपत, हे ठरवायची मान्य जागाच नव्हती. गोदावरीच्या खोऱ्यात निदान ती जागा आहे. २००५ च्या कायद्याने खोऱ्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले आणि मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे गणित मांडले: १५ ऑक्टोबरला जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. त्यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात कडाक्याची भांडणे होतात, कोर्टात खटले जातात. पण ते भांडण एका आकड्याभोवती होते, आणि आकड्यावरचे भांडण गोळीबारापर्यंत जात नाही.

त्याच खोऱ्यातल्या एखाद्या गावात, एका बांधावरच्या दोन बोअरमध्ये, असा कोणताही आकडा लिहिलेला नाही. भूजलाचा कायदा २००९ चा आहे, तो २०१४ मध्ये अमलात आला आणि ६० मीटरहून खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद त्यात आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. मे महिन्यात संध्याकाळी गावात शिरलेली बोअरची गाडी तेवढी खोली मध्यरात्रीच्या आत गाठते आणि पुढे चालूच राहते.