नळाचे पाणी कोणाचे?

परवा शाब्बाथ सरल्यावर भांडी घासताना मी नळ बारीक केला, तशी नात हसली. म्हणाली, "आजी, आता पाणी समुद्रातून येतं. समुद्र कधी आटतो का? आणि बिल तर आपण भरतोच."

पोरीचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. अश्कलोनचा कारखाना २००५ साली सुरू झाला. मागून पालमाखीम, हदेरा, सोरेक, अश्दोद. आज घरात येणारे बरेचसे पाणी खाऱ्याचे गोड केलेले असते. शिवाय गुश दानचे सांडपाणी शुद्ध होऊन नेगेवच्या शेतांना जाते, म्हणजे मोरीत गेलेले सगळेच वाया जात नाही. भर दुपारी बागेवर उडविलेले मात्र वाफ होऊन जाते. हजार लिटर पाणी गोड करायला सुमारे साडेतीन युनिट वीज जळते, हेही मी तिला सांगितले. पण हा झाला हिशेब. पैसे भरले म्हणजे पाणी माझे झाले का, हा प्रश्न निराळा.

कुलाबा जिल्ह्यातील आमच्या गावी विहीर एकच. वैशाखात तिचा तळ दिसू लागे. आई तांदळाचे धुवण अळवाच्या वाफ्यात ओती, आणि माझी कळशी हिंदकळली की ओरडे. पैशासाठी नव्हे, मागे उभ्या असलेल्या बाईची कळशी रिकामी जाईल म्हणून. येथे मागे कोण उभे आहे ते दिसत नाही, एवढेच.

आपली प्रार्थनाच पाहा ना. शेमिनी अत्सेरेथला पावसाची प्रार्थना होते, पण प्रत्यक्ष पाऊस मागायला इस्राएलमध्ये ७ हेश्वानपर्यंत थांबतात. का? तर येरुशलाईमच्या यात्रेहून परतणारा शेवटचा माणूस फरात नदीपर्यंत कोरड्या वाटेने पोचावा. तसा यात्रेकरू आज कोणी नाही, तरी आपण पंधरा दिवस थांबतोच.

मात्र काटकसर म्हणजेच पुण्य असे समजून मी एकदा फसले. २००९ साली दुष्काळ होता, किन्नेरेथ तांबड्या रेषेखाली गेले होते, पाण्यावर जादा आकार बसला होता. मी मोठ्या उत्साहाने बागेचे पाणी बंद केले. यजमानांनी हाताने लावलेली लिंबोणी त्यात वाळून गेली. ते काही बोलले नाहीत. पुढे देवारीमचा २० वा अध्याय वाचताना मी थबकले. ज्या वचनावरून आपण नासाडी करू नये हा नियम घेतो, ते वचन फळझाडाविषयीच आहे: वेढा दिलेल्या शत्रूच्या नगराचेही फळझाड तोडू नये. मग मी कोणासाठी वाचविले, आणि कोणाच्या तोंडचे काढून घेतले?

वॉर्डात इतकी वर्षे काढली, पण हात धुताना मी कधी पाणी मोजले नाही. आजही मोजत नाही. आणि रात्री उठावे लागू नये म्हणून आपली म्हातारी माणसे खमसीनमध्येही घोटभर पाण्यावर दिवस काढतात, ती काटकसर तर मला पाहवत नाही. त्यांना रागावूनच पाजावे लागते.

असो. नवी लिंबोणी लावली आहे. तिला ठिबकची नळी आहे, आणि एअरकंडिशनरखाली बादली ठेवते. संध्याकाळी ती ओतण्याचे काम नातीकडे आहे. कधी विसरते. यजमान खिडकीतून पाहत असतात, ओतले की नाही ते.