पहिल्या स्पर्धेसाठी सहा आकृत्या

नाशिक

चि. सानिका,


तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. सांगलीत कॉलेजच्या मुलामुलींनी मिळून छोट्या इलेक्ट्रिक विमानांच्या हवाई कसरतींची स्पर्धा भरवायची ठरवली आहे, हे वाचून फार आनंद झाला. रिमोटच्या विमानांचे शो आपल्याकडे होतात, त्यांना गर्दीही होते. पण शो बघणाऱ्यांसाठी असतो. उडवणाऱ्याला शिकवते ती स्पर्धा, आणि नवशिक्यांना उभं राहता येईल अशी स्पर्धा मला आसपास कुठे दिसत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आराखड्यात एक गोष्ट खटकली, ती आधी सांगतो. एफ३ए या आंतरराष्ट्रीय प्रकाराची नियमावली घेऊन तू ती फक्त आखूड केली आहेस. त्या प्रकारातलं विमान दोन मीटर लांब, दोन मीटर पंखांचं आणि पाच किलोच्या घरातलं असतं. ते साधारण दीडशे मीटर अंतरावरून उडवतात. तुमची फोमची विमानं जेमतेम मीटरभर पंखांची, वजनाला किलोच्या आत. दीडशे मीटरवर गेलं की त्याचं पोट दिसतंय की पाठ, हेच नवख्याला कळत नाही, आणि ते कळेनासं झालं की पुढच्या चार सेकंदांत विमान जमिनीवर. पन्नास-साठ मीटरवर एक रेषा धरा. मध्यभागी एक झेंडा आणि दोन्ही टोकांना एकेक झेंडा लावा, म्हणजे मुलांना आपली चौकट डोळ्यांनी दिसेल.

आता मुख्य मुद्दा. आजवर तुम्ही सगळे मनाला येईल तसं उडवत आलात. लूप जमला तर लूप, वाकडा गेला तर दुसरंच काहीतरी करायचं ठरलं होतं म्हणायचं. स्पर्धेत ही पळवाट बंद होते. कागदावर आधी लिहून दिलेली आकृती, सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या क्रमाने काढायची. नवशिक्यासाठी स्पर्धेचा खरा उपयोग एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. तेव्हा आयोजनातली प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर घास: कालपर्यंत फक्त चकरा मारणारा मुलगा यात तिन्ही फेऱ्या पुऱ्या करील का, आणि आपलं काय चुकलं ते त्याला तिथल्या तिथे कळेल का?

तू दहा आकृत्या घेतल्या आहेस. सहा घे. सरळ उड्डाण, लूप, स्टॉल टर्न, रोल, हाफ क्युबन एट आणि इमेलमन. टेकऑफ आणि लँडिंगला गुण ठेवू नकोस. ज्याला हाताने विमान सोडायचं आहे त्याला सोडू दे. आणि प्रत्येक आकृतीनंतर एक मोकळी फेरी मारायची मुभा दे. मोठ्या स्पर्धांतही ऐंशीच्या दशकापर्यंत असंच चालायचं. आकृती परीक्षकांसमोर काढायची आणि वळायचं आपापल्या सोयीने. एकीला लागून दुसरी आकृती आणि टोकाला वळतानाही गुण, हे नंतर आलं. नवख्याला त्या मोकळ्या फेरीत श्वास घेता येतो, ट्रिम बघता येतं, पुढची आकृती आठवता येते.

सरळ उड्डाणाला गुण कशाला, असं तुझे मित्र विचारतील. धावपट्टीला समांतर, एका उंचीवर, पंख सपाट ठेवून एका झेंड्यापासून दुसऱ्या झेंड्यापर्यंत जायला सांग, म्हणजे त्यांना उत्तर मिळेल. गाण्याच्या शिकवणीत आधी सा लावून घेतात, तशी ही आकृती आहे. पुढच्या प्रत्येक आकृतीची सुरुवात आणि शेवट याच रेषेने होतो. मोठ्या स्पर्धांत अवघड आकृतीला जास्त गुणक असतो. तू पहिल्या वर्षी सहाही आकृत्यांना सारखंच वजन दे. मग सरळ रेषेचा सराव सगळे आपण होऊन करतील.

लूपबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण परीक्षकांचे आणि उडवणाऱ्यांचे सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. एलिव्हेटर एकदा ओढून धरला आणि तसाच ठेवला तर गोल वर्तुळ येत नाही. खालच्या बाजूला गुरुत्वाकर्षण वळणाच्या विरुद्ध ओढतं, म्हणून तिथे वळण पसरट होतं. वर पाठीवर गेल्यावर तेच गुरुत्वाकर्षण वळणाला मदत करतं, म्हणून माथा आवळला जातो. वर जाताना थ्रॉटल वाढवायचा, माथ्यावर एलिव्हेटर हलकेच सैल सोडायचा, उतरताना थ्रॉटल कमी करायचा आणि खाली पुन्हा एलिव्हेटर ओढायचा. हे एकदा बोटांत बसलं की लूप गोल दिसू लागतो.

त्यात वारा. तुमचं विमान ताशी पन्नास किलोमीटरने उडतं असं धर. लूपला पाच सेकंद लागले, तर वर्तुळाचा व्यास बावीस मीटरच्या आसपास येतो. वारा ताशी पंधरा किलोमीटर असेल, तर त्याच पाच सेकंदांत हवा वीस मीटर पुढे सरकते आणि विमानही तिच्याबरोबर जातं. म्हणजे वर्तुळ जवळजवळ आपल्या व्यासाइतकं वाहून गेलं! मोठं, वेगवान विमान तेवढ्याच वाऱ्यात इतकं विस्कटत नाही. छोट्या विमानांच्या स्पर्धेचं वेळापत्रक म्हणूनच वाऱ्यावर बांधायचं असतं. तू सकाळी दहाला उद्घाटन ठेवलं आहेस. दहाला स्पर्धा संपत आली पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत सात-साडेसातला पहिलं विमान हवेत जाऊ दे. ऊन तापलं की जमिनीवरची हवा उसळायला लागते आणि मग गुण कौशल्याला मिळतात की नशिबाला, ते सांगता येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून उडवणाऱ्यांची तोंडं उत्तरेकडे राहतील अशी रेषा आख. विमान सूर्यासमोरून गेलं की क्षणभर काहीच दिसत नाही, आणि नवख्याला तो क्षण पुरतो.

आठ स्पर्धक, तीन फेऱ्या आणि दरवेळी मैदानात येणं-जाणं धरून सहा मिनिटं, असा हिशेब केला तर १४४ मिनिटं होतात. मधला खोळंबा धरूनही सकाळच्या शांत हवेत हे बसतं. सोळा जणांची नावं आली तर दोन रविवार घे. फेऱ्या कमी करू नकोस. पहिल्या फेरीत सगळ्यांचे हात थरथरतात, दुसरीत सावरतात, आणि तिसरीत ते खरे कसे उडवतात ते दिसतं. तिन्हींतल्या चांगल्या दोन धरायच्या, एक सोडून द्यायची. प्रत्येक फेरीत पहिल्या आलेल्याला १००० आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात गुण द्यायचे. सर्वोत्तम ४० आणि तुझे ३४ असतील, तर तुला ८५०. वारा वाढल्यामुळे तिसऱ्या फेरीत सगळ्यांचेच गुण घसरले, तरी या पद्धतीत कुणावर अन्याय होत नाही.

आकृत्या शब्दांत लिहून देऊ नकोस, काढून दे. होसे लुइस आरेस्ती नावाच्या स्पॅनिश वैमानिकाने कसरतींची चिन्हलिपी तयार केली, ती जगभर चालते. ठिपक्यापासून आकृती सुरू, आडव्या छेदाच्या छोट्या रेघेवर संपते. विमान सुलटं असताना अखंड रेघ, उलटं असताना तुटक. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहाही आकृत्या मावतात. हे कार्ड स्पर्धेच्या महिनाभर आधी सगळ्यांच्या हातात पडू दे. ऐनवेळी आकृती सांगण्याचा प्रकार मुरलेल्यांसाठी आहे.

कार्ड वाचायला प्रत्येक स्पर्धकाशेजारी एक कॉलर उभा कर. उडवणाऱ्याची नजर विमानावर, कॉलरची कार्डावर आणि वाऱ्यावर. ‘मध्याला लूप, आता ओढ’ एवढं शांत आवाजात सांगणारा सोबती मिळाला की निम्मी भीती जाते. स्पर्धकांनीच आळीपाळीने एकमेकांचे कॉलर व्हावं.

आता परीक्षक. तू बाहेरून दोन नामवंतांना बोलावणार आहेस. त्यांना बोलाव, पण परीक्षकाच्या खुर्चीत तुमच्यातलेही बसले पाहिजेत. एका फेरीत उडवायचं, दुसऱ्याच्या पाळीला गुण द्यायचे. जो दुसऱ्याचा वाकडा लूप पाहून गुण कापतो, त्याला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या लूपचा वाकडेपणा दिसतो. हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे आणि यावर माझा पक्का विश्वास आहे. दहातून सुरुवात करायची आणि दोष दिसेल तसे गुण उतरवायचे. एफ३ए मध्ये ढोबळमानाने १५ अंशांच्या चुकीला एक गुण जातो, अमेरिकेतल्या आयमॅक संघटनेच्या पद्धतीत ५ अंशांना अर्धा. तुम्ही १५ अंश धरा. घड्याळात बारा आणि एकच्या मधल्या अंतराचा निम्मा भाग म्हणजे १५ अंश, तो डोळ्यांत बसवायला सोपा. वाऱ्याने आकृती वाहून गेली तर या वर्षी गुण कापू नका, आकार तेवढा बघा. परीक्षक उडवणाऱ्याच्या मागे बसेल आणि त्याच्या शेजारी एक लेखनिक. परीक्षक आकडा बोलेल, लेखनिक लिहील, म्हणजे नजर कागदाकडे वळणार नाही. एखादी आकृती परीक्षकाने पाहिलीच नाही तर अंदाजाने आकडा टाकायचा नाही. ‘पाहिली नाही’ असं लिहायचं आणि दुसऱ्या परीक्षकाचे गुण धरायचे.

शून्य द्यायला कचरू नका. रोलच्या जागी लूप काढला तर शून्यच. पण विमान उतरल्यावर पाच मिनिटांच्या आत गुणपत्रिका स्पर्धकाच्या हातात द्या आणि परीक्षकाने प्रत्येकाशी एक वाक्य बोलावं. ‘स्टॉल टर्नला रडर उशिरा दिलास’ एवढं पुरे. बिचाऱ्याला तेच तर ठाऊक नसतं. सरळ वर चढलेलं विमान जवळजवळ थांबायच्या किंचित आधी रडर द्यायचा आणि त्याच क्षणी थ्रॉटलचा हलका झटका, म्हणजे प्रॉपची हवा रडरवरून जाते आणि विमान वळतं. आपला नेहमीचा प्रॉप मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून डावीकडे ते सहज वळतं. हे एका वाक्यात कळलं की पुढच्या फेरीत त्याचे दोन गुण तरी वाढतात.

विमान आपोआप स्थिर ठेवणाऱ्या जायरोचं विचारलं आहेस. एफ३ए आणि आयमॅक दोन्हींत तो चालत नाही. तुम्ही टेकऑफ-लँडिंगला चालू द्या, आकृत्यांच्या वेळी स्विच बंद. तपासणी करत बसू नका. सांगितलं की मुलं पाळतात.

सुरक्षेत सवलत नको. पेट्रोल किंवा डिझेलचं छोटं इंजिन बोट लागलं तर कधीकधी बंद पडतं. विजेची मोटर अडली की उलट जास्त करंट खेचते आणि फिरायचा प्रयत्न करत राहते. बॅटरी जोडली की विमान जिवंत आहे असंच समजायचं. म्हणून बॅटरीचा प्लग फक्त उड्डाणरेषेवर जोडायचा, सोबत्याने विमान मागून धरायचं, थ्रॉटल कट तपासायचा. उतरल्यावर आधी प्लग काढायचा आणि मगच विमान उचलायचं. सकाळी नोंदणीच्या वेळी प्रॉप काढून प्रत्येकाचं फेलसेफ बघून घ्या: ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबलीच पाहिजे. लायपो बॅटरी फुगलेली दिसली तर ती बाजूला, मग ती कुणाचीही असो. चार्जिंगच्या टेबलाशी वाळूची बादली आणि एक माणूस पूर्ण वेळ. भरलेल्या बॅटऱ्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू देऊ नका. उड्डाणरेषेच्या मागे, प्रेक्षकांच्या डोक्यावरून विमान गेलं तर ती फेरी बाद. पहिली चूक म्हणून सोडलं, असं इथे नाही.

मैदान म्हणून तू नदीकाठचं शेत सुचवलं आहेस. जागा चांगली आहे, पण शेजारचा ऊस तुटला आहे का ते बघ. उभ्या उसात पडलेलं विमान दहा पावलांवर असूनही दिसत नाही. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बऱ्याच ईएससींना सिग्नल तुटला की बीप वाजवायची सोय असते. ती आधीच चालू करून ठेवायला सांग, आणि शोधायला जाणाऱ्याने पडलेल्या दिशेला दूरचं एखादं झाड नेमून सरळ चालत जावं. मालकाला आधी विचारल्याशिवाय कुणीही पिकात शिरायचं नाही.

परवानगीचं थोडक्यात. २०२१च्या ड्रोन नियमांत शिक्षण आणि छंदासाठीच्या, डोळ्यांच्या टप्प्यात उडणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. ते मूळ नियम स्वतः वाच. डिजिटल स्काय नकाशावर तुमचं शेत हिरव्या भागात आहे ना ते पाहा, पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोचपावती घ्या.

रोख बक्षिसं काढून टाक. त्या पैशांत प्रॉप, सर्वो आणि दोन-तीन बॅटऱ्या येतील. पडलेलं विमान दुसऱ्या फेरीपर्यंत उभं करायला त्यांचा उपयोग कर. एक टेबल, सीए ग्लू, टेप, सोल्डरिंग आयर्न आणि हात चालणारा एक मुलगा. ज्याचं विमान पहिल्या फेरीत तुटलं आणि तिसरीत उडालं, तो पुढच्या वर्षी येतो आणि मित्रांनाही आणतो. बक्षीस द्यायचंच तर पहिल्या क्रमांकाबरोबर पहिल्या फेरीपासून तिसरीपर्यंत ज्याचे गुण सर्वांत जास्त वाढले त्यालाही दे, आणि तेही त्याच व्यासपीठावरून, तेवढ्याच मोठ्याने नाव घेऊन.

आकृत्यांचं कार्ड काढून झालं की छापण्याआधी मला पाठव. त्या दिवसांत तिथे सकाळी वारा कुठून असतो तेही कळव, म्हणजे कुठली आकृती वाऱ्याच्या तोंडावर घ्यायची आणि कुठली पाठीवर, ते बघून क्रम लावून देतो. परीक्षकांना एकदा सराव द्यायला मी एक शनिवार-रविवार येईन. घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
भाऊकाका