कृष्णराजाची चांदी

गोरेगावात हल्ली सकाळ उजाडते ती पोकलेनच्या घरघरीने. कुठे टॉवरचा पाया, कुठे मुलुंडच्या जोडरस्त्याचं काम. उपसलेल्या मातीचे ढीग दिसले की मला कृष्णराज आठवतो.

कलचुरी घराण्यातला हा राजा सहाव्या शतकाच्या मध्यावरचा. मुंबईत आणि आपलं गोरेगाव ज्यावर आहे त्या साष्टी बेटावर त्याची चांदीची नाणी सापडली आहेत. जेमतेम दोन ग्रॅमचं, नखाएवढं नाणं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बसलेला नंदी आणि कडेने ब्राह्मी अक्षरं : परममाहेश्वर (शिवाचा परमभक्त), आईवडिलांच्या चरणांचं ध्यान करणारा श्रीकृष्णराज. एवढ्याशा जागेत जिंकलेले मुलूख न सांगता आईवडिलांना स्थान देणारा हा राजा मला फार आपला वाटतो. शेजारची जोगेश्वरीची लेणीही अभ्यासक याच काळातली मानतात.

नाशिकजवळच्या अंजनेरीला सुमारे ७१० सालचा ताम्रपट मिळाला. तोवर कलचुरींची सत्ता जाऊन चालुक्यांचा अंमल आलेला. तरी ताम्रपटात उल्लेख आहे कृष्णराजाच्याच रूपकांचा, म्हणजे चांदीच्या नाण्यांचा. राजा गेल्यावर जवळजवळ दीडशे वर्षं लोकांनी त्याच्या नाण्यावर भरवसा ठेवला!

कृष्णराजाच्या काळात युरोपातले फ्रँक लोक आपली मेलेली माणसं दागिन्यांसह पुरत. म्हणून तिकडे चांदीच्या टाचण्या, पट्ट्यांची बकलं अजून नांगराखाली येतात. आपल्याकडे देह अग्नीला जातो, दागिना मागे राहतो. लेकीसुनांकडे जातो, अडीनडीला मोडला जातो. कृष्णराजाच्या काळातली पैंजणं अशीच कितीदा आटून नवी घडली असतील. जमिनीत उरते ती मुख्यतः कुणी लपवलेली आणि परत न नेलेली चांदी.

ती नाणी ज्याच्या कुदळीला लागली, त्याने ती सगळी मुशीत जाऊ दिली नाहीत, म्हणून आपल्याला कृष्णराज कळला. नाणं वितळलं तरी चांदीचा भाव मिळतो. पण ते कुठे, किती खोल, कशासोबत होतं, ते कायमचं जातं. १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि कळवणाऱ्याच्या हिश्शाचीही त्यात तरतूद आहे. पायाखोदाईच्या मजुरांपर्यंत ही गोष्ट पोहोचायला हवी. हेल्मेट घालण्याची सूचना लिहितात, त्याच फलकावर, मराठी-हिंदीत एक ओळ पुरे : मातीत जुनं काही दिसलं तर यंत्र थांबवा आणि कळवा, तुमचा हिस्सा तुम्हाला मिळेल.