पुरुषत्व कशास म्हणावे?

जो दुखण्यास भीत नाही तोच मर्द, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु घरातील एखादे दुखणे दोघांपैकी कोणी सोसावे असा प्रश्न उभा राहिला, म्हणजे हाच मर्द बहुधा मागे सरतो व बायकोस पुढे करतो. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत ही गोष्ट उघड दिसून येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर शंभर विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ जणींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. जिच्या नवऱ्याने करून घेतली अशी स्त्री शंभरांत एकही भरत नव्हती.

आपल्या झाडीमुलखाची गोष्ट मात्र काहीशी निराळी आहे. पुरुष नसबंदीच्या कामात गडचिरोली जिल्हा अनेक वर्षे राज्यात आघाडीवर राहिलेला आहे. ज्यांस शहरवासी मागासलेले म्हणतात, त्यांनी ह्या बाबतीत शहरास धडा घालून दिला आहे.

वाचकहो, नसबंदीने अंगातील जोर जातो व नांगर धरवत नाही, हे भय निराधार आहे. पौरुष देणारे द्रव्य थेट रक्तात मिसळते. ते त्या नळीवाटे जातच नाही. मग नळी बंद केल्याने बळ कसे जाईल? स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटास छेद द्यावा लागतो. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांत आटोपते. दोन दिवस विश्रांती घ्यावी, आठवडाभर जड काम टाळावे, आणि सुमारे तीन महिन्यांनी तपासणी होईपर्यंत दुसरी काळजी घ्यावी, इतकेच.

येथे कोणी म्हणेल की, शासनाकडून रक्कम मिळते म्हणून पुरुष तयार होतात. ह्यात पुरुषार्थ कसला? शंका योग्य आहे. दाम घेऊन वा दडपणाखाली केलेली गोष्ट सद्गुण ठरत नाही. १९७६-७७ साली, आणीबाणीच्या काळात, सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. त्यांत कित्येकांवर बळजबरी झाली, आणि त्या अपमानाने पुढे पुरुष ह्या कामापासून दूर पळाले. भार उचलणे थोर आहे; पण तो स्वखुशीने उचलला तरच.

ती स्वखुशी कशी ओळखावी? रोवणीच्या दिवसांत जी बांधीत दिवसभर वाकून राबते, वैशाखात तेंदूपानांचे ओझे डोक्यावर आणते आणि बाळंतपणाच्या कळा जिने एकटीने सोसल्या, तिच्याकडे पाहून ज्याच्या मनात येते की आता पाळी माझी, त्याची ती स्वखुशी होय. असा मनुष्य चारचौघांच्या थट्टेस भीत नाही, कारण आपण काही गमावले असे त्याला वाटतच नाही.

म्हणून ज्या घरी हा प्रश्न आज उभा असेल, तेथील नवऱ्याने बायकोस परस्पर दवाखान्यात धाडू नये. आधी तिच्याजवळ बसावे, तिचे म्हणणे ऐकावे, आणि मग ठरवावे.