व्रत एकाचे, मोल घरादाराचे

आळे गावी रेड्याच्या समाधीपुढे आपण माथा टेकवतो, तेव्हा मनात पैठणची सभा उभी राहते. ज्याच्या मुखातून ज्ञानोबारायांनी वेद वदवले, त्या रेड्याने पैठणहून परतताना जुन्नरच्या मातीत देह ठेवला, अशी परंपरा आहे. समाधी त्याची, म्हणून आपले लक्ष त्याच्याकडे जाते. त्याच्याबरोबर चालत आलेल्या चौघांकडे आपण संत म्हणून पाहतो, मुले म्हणून क्वचितच पाहतो. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ता. ही भावंडे पैठणला का गेली होती? शुद्धिपत्रासाठी. ते मागण्याची वेळ त्यांच्या स्वतःच्या कुठल्या कर्माने आली नव्हती. वडिलांनी संन्यास घेतला, पुढे गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले, आणि त्या दोन्ही गोष्टींचे मोल मुलांना भरावे लागले.

व्रत एकाने घ्यावे आणि मोल घरादाराने द्यावे, हे न्यायाचे आहे का? मी सैनिकाचा मुलगा. साठी उलटल्यावर आयुष्याकडे वळून पाहतो, तेव्हा नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे या सगळ्यांच्या मागे हाच प्रश्न उभा दिसतो.

आमचे गाव जुन्नर तालुक्यातले. आबा मराठा पलटणीत होते. या पलटणीचे केंद्र बेळगावला. पण तुकडी जाईल तिकडे आबा, आणि परवानगी असेल तिथवर त्यांच्यामागे आम्ही. काळ्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या अक्षरांत आबांचे नाव, नंबर आणि पलटण लिहिलेली असे. ती पेटी ज्या खोलीत उतरे, ते आमचे घर. दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदले, मित्र बदलत, दुकानदाराशी बोलायची भाषा बदले. सरहद्दीवर बदली झाली की कुटुंब सोबत नेता येत नसे. मग आई आम्हा भावंडांना घेऊन गावी येई. छावणीत आम्ही ‘मराठे’ आणि गावात ‘मिलिटरीवाल्याची पोरं’. वर्षाच्या दोन महिन्यांच्या रजेत आबा घरी येत, तेव्हा पहिले दोन दिवस धाकटी बहीण त्यांच्याजवळ जातच नसे. सासऱ्यांचे आजारपण, पावसात ढासळलेली भिंत, शेताच्या बांधाचा तंटा, हे सारे आईने एकटीने निभावले. सैन्यात जायचे हे आबांनी ठरवले होते. आम्हाला कुणी विचारले नव्हते.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे मिळतात. एक म्हणते, काम देशाचे होते, त्यात घरच्यांनी तक्रार कसली करायची? दुसरे म्हणते, ज्याला बाहेरचे मोठे काम करायचे त्याने संसारच मांडू नये. पहिल्या उत्तरात मुलाचे दुःख दिसत नाही आणि दुसऱ्यात कामाचे मोल दिसत नाही. सरहद्द कुणीतरी राखायचीच असते, आणि राखणाराही कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मुलगा असतो.

आपल्या मुलखाला हा प्रश्न नवा नाही. १६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तेव्हा शहाजीराजे मोहिमांच्या धामधुमीत होते. गरोदर जिजाऊंना गडाच्या आसऱ्याला ठेवावे लागले होते. देहूची गोष्ट तर आपल्या अंगणातलीच. तुकोबाराय वैकुंठाला गेले तेव्हा नारायणबाबा जिजाईंच्या पोटात होते, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या भक्तीचे तेज जगाने पाहिले. घरातल्या रिकाम्या मडक्यांचा हिशेब जिजाईंनी ठेवला. आपण मात्र कीर्तनात त्यांना कजाग म्हणून हसतो. पुढे त्याच नारायणबाबांनी, ज्यांचे मुखही पाहिले नव्हते त्या वडिलांच्या पादुका आणि ज्ञानोबारायांच्या पादुका पालखीत ठेवून १६८५ मध्ये पंढरीची वाट धरली. आज लाखो लोक त्या वाटेने चालतात.

मग अशा मुलांच्या मनात रुसवा नव्हताच का? असे म्हटले तर आपण त्यांना माणूस म्हणून नाकारतो. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेव एकदा इतके दुखावले की खोपटीची ताटी लावून आत बसले. दाराबाहेर धाकटी बहीण उभी राहिली आणि तिने त्यांना समजावले. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आपण गातो ते याच प्रसंगाचे. दुःख होते, ते घरातल्या माणसाने ओळखले, आणि मग दार उघडले. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागताना आईबापांवर झालेल्या अन्यायाचा उल्लेखही नाही. मागणे साऱ्या प्राणिमात्रांसाठी आहे. आपण पसायदान गातो तेव्हा त्याआधीची ती बंद ताटीही आठवायला हवी. मला वाटते, घरात कुणी दुःख ओळखले की माणूस जगासाठी मोकळ्या मनाने मागू शकतो. कुणीच ओळखले नाही, तर त्याच दुःखाची अढी होऊन बसते.

आबा हवालदार होऊन पेन्शनीत आले. घरात कित्येक महिने ते पाहुण्यासारखे वावरत. कोणता डबा कुठे आहे, कोणत्या मुलाला काय आवडते, हे त्यांना विचारून घ्यावे लागे. आईची आणि त्यांची ओळख जणू नव्याने होत होती. एका आषाढी एकादशीला चार माणसे घरी बसली होती. कुणीतरी आबांच्या नोकरीचे कौतुक केले. आबा आईकडे बोट दाखवून म्हणाले, “पेन्शन माझ्या नावावर येती, पण नोकरी हिनं केली.” आई काही बोलली नाही, उठून फराळाचे बघायला आत गेली. त्या एका वाक्याने गेलेली वर्षे परत आली नाहीत. पण ती कुणाची गेली, हे घरात एकदा मोठ्याने बोलले गेले. आम्हा भावंडांच्या मनातली ताटी त्या दिवशी किलकिली झाली.

त्या बालपणाने काढून घेतले तसे दिलेही पुष्कळ. पहाटे उठणे, आपली वळकटी आपण बांधणे, थोडक्या सामानात भागवणे, अनोळखी ताटाला नावे न ठेवणे. पहिल्यांदा माउलींच्या सोहळ्यात चाललो, तेव्हा हे सारे ओळखीचे वाटले. त्यात नवल नाही. आजच्या सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी असलेले लष्करी गृहस्थ. मुक्काम हलण्यापूर्वी वाजणारा कर्णा, दिंड्यांचे ठरलेले क्रम, समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावताच एवढ्या जनसागरात पसरणारी शांतता, यात छावणीची शिस्त भक्तीच्या कामी आलेली दिसते. ‘तुमचे गाव कोणते?’ या प्रश्नाला लहानपणी मी अडखळत असे. वारीत विचारतात, ‘दिंडी कितवी?’ त्याचे उत्तर मला देता आले. चालत्या घरात वाढलेल्या मुलाला हे चालते गाव परके वाटले नाही.

नोकरी केली पाटबंधारे खात्यात, बरीचशी कुकडी प्रकल्पावर. तिथेही हाच प्रश्न भेटला. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले, पाणी कोरड्या शिवारांना मिळाले. पण ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडले, ते आंबेगावच त्या पाण्याखाली गेले. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे; १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांनी प्राण दिला. नाव योग्यच आहे. पण ज्यांच्या चुली त्या पाण्याखाली विझल्या, त्यांची नावे कोणत्या फलकावर आहेत? उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि कांदा घेणाऱ्याने एकदा त्या खुणा पाहून याव्यात. त्याने पीक घेऊ नये असे मी म्हणत नाही. ते कुणाच्या घरावरून आले, एवढे त्याला ठाऊक असावे.

आता आपल्याविषयी. आपणही व्रतस्थ आहोत. ज्येष्ठ वद्यात पालखी निघते तेव्हा शेतात पेरणीची घाई असते, पश्चिमेला भातलावणी तोंडावर येते. आपण टाळ घेऊन निघतो. मागे कुणीतरी धारा काढते, म्हाताऱ्यांना औषध देते, पोरांना शाळेत धाडते, पावसाकडे बघत बियाणे राखते. आपली वारी घडते ती त्या माणसाच्या राहण्यामुळे. पंढरीच्या वाळवंटात पुण्य आपल्या एकट्याच्या खात्यावर जमा होत असेल, असे मला वाटत नाही. विठ्ठलपंतांच्या गुरूंनी शिष्याला घरी परत पाठवले, कारण मागे रुक्मिणी होती. आपल्या संप्रदायाने संसार सोडायला सांगितलेले नाही. वारी करून घरी परत यायला सांगितले आहे.

म्हणून दोन लहान गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गावात सैनिकाचा सत्कार होतो, तेव्हा नारळ त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नये. त्याच्या आईला, पत्नीला, मुलांनाही पुढे बोलवावे आणि त्यांनी काय सोसले ते दोन शब्दांत सांगावे. आणि वारीला निघताना देवघरातल्या देवाला नमस्कार झाला, की घर सांभाळायला मागे राहणाऱ्या माणसालाही नमस्कार करावा, मग ती वयाने लहान असलेली सून का असेना. परतल्यावर बुक्का पहिला तिच्या कपाळी लावावा, चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद पहिला तिच्या हाती द्यावा, आणि मागे काय काय घडले ते बसून ऐकावे. आपण पाहिलेली पंढरी नंतर सांगितली तरी चालेल.

राम कृष्ण हरी.