रागाला किती तास?



पापनिवेदनाआधी आपण एकेक आज्ञा चाचपून पाहतो. पाचव्या आज्ञेपाशी मात्र थांबत नाही. आपण काय कुणाचा खून केला आहे?

कायदा इथेच बराच वेळ थांबतो. १८६० च्या भारतीय दंड विधानाने मनुष्यवधाच्या पायऱ्या पाडल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने त्या जवळजवळ तशाच ठेवल्या. सर्वांत वर खून, त्याखाली खून न ठरणारा सदोष मनुष्यवध आणि त्याखाली निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू. मेलेला माणूस तिन्हींत सारखाच मेलेला; कायदा मारणाऱ्याच्या मनात डोकावतो.

गंभीर आणि अचानक चिथावणीने भान सुटून केलेला वध खून ठरत नाही. पण 'अचानक' म्हणजे किती वेळ? २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी बायकोमुलांना सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले, आहुजाच्या कचेरीत शोध घेतला आणि मग त्याचे घर गाठले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने ते मानले नाही. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानेही जन्मठेप कायम केली. मध्ये जवळपास तीन तास गेले होते. मन ताळ्यावर यायला तेवढे पुरेसे होते. (पुढे १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली.)

तीन तास! आपल्याकडे बांधावरून भावाभावांत धरलेला राग नातवंडांपर्यंत पोहोचतो. त्यावर कुठलेही कलम लागत नाही आणि लागूही नये. नुसत्या मनाला तुरुंगात घालणारे सरकार कुणाला हवे? पण डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू त्या रागालाच न्यायासमोर उभे करतो.

राहिला निष्काळजीपणा. जुन्या कायद्यात त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे होती, आता पाच आहेत. आपण त्याला 'अपघात' म्हणून मोकळे होतो. लग्नात प्यायलेल्या पोराच्या हाती आपणच मोटारसायकलची किल्ली देतो. त्याने कुणाला उडवले तर गुन्हा त्याच्यावर. किल्ली देणाऱ्याला सहसा कुणी विचारत नाही. आपला धर्मशिक्षण ग्रंथ मात्र दारूच्या नशेत वा वेगाच्या हौसेने इतरांचा जीव धोक्यात घालणे हा पाचव्या आज्ञेखालीच गंभीर दोष मानतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "आणि किल्ली देणारा?"

त्याचीही आज्ञा तीच, असे मी म्हटले. तास संपेपर्यंत तो काही बोलला नाही.